अख्खी साखळी

“अभिनंदन, मिसेस पेटिग्रू. तुमची मोटरसायकल सापडली,” फोनवरची पोलिसातली बाई म्हणाली, आणि डोरीनच्या हातातलं अंडं तव्याऐवजी ओट्यावरच फुटलं. बाईचा आवाज हसरा होता. सकाळी सकाळी कुणाला तरी चांगली बातमी द्यायला मिळाली याचा तिला मनापासून आनंद झाला होता, आणि तो मोडायला डोरीनची जीभ उचलेना. “हो का? बरं झालं,” ती म्हणाली. बाई पुढे बोलतच राहिली. काल दुपारी तळ्याकाठच्या रस्त्यावर गाडी अडवली, नंबरप्लेट चोरीच्या यादीत होती, चोरही जागच्या जागी मिळाला, साठीपुढचा माणूस आहे, झिगमुंट म्हणून, काल घरी सोडला आणि आज पुन्हा बोलावलाय, पण तोंडातून अवाक्षर काढत नाही. “तुमच्या मिस्टरांची मात्र कमाल आहे हं. नोव्हेंबरात फोन केला तेव्हा सतरा अक्षरी चेसिस नंबर तोंडपाठ सांगितला त्यांनी. आमच्याच माणसाला दोनदा विचारून लिहून घ्यावा लागला.” ओट्यावरून अंड्याचा बलक हळूहळू कडेला सरकत होता. पुसायला फडकं घ्यावं एवढंही डोरीनला सुचलं नाही. लॉर्नने फोन केला होता. तो स्वतः. ती अंघोळीला गेली असेल तेव्हा, नाहीतर तळघरात कपडे धुवत असेल तेव्हा.

खिडकीतून मागच्या गल्लीचं गॅरेज दिसत होतं. दार वर केलेलं, आणि दारात स्टुलावर लॉर्न बसलेला, अंगात कारखान्याचं जुनं जाकीट, मांडीवर हेल्मेट. ऑक्टोबरपासून तो असाच बसत होता, हिवाळ्यात सुद्धा, मोकळ्या जागेची राखण करत. आता चोरायला तिथे काही उरलं नव्हतं, पण हे त्याला सांगणार कोण? रोज सकाळी तो उठायचा, कॉफी प्यायचा, किल्ल्यांचा डबा घेऊन मागे जायचा, आणि रोज सकाळी त्याची मोटरसायकल नव्याने चोरीला जायची. “डोरीन! अगं डोरीन, इकडे ये!” ती हाक रोज यायची. पाच महिने झाले, तरी सवय होईना. मग ती चपला सरकवून जायची आणि तो तिला दाखवायचा, की बघ, साखळी खिळ्याला टांगलेली आहे, अख्खी. चाकाच्या डिस्कचं कुलूप खणात आहे, अख्खं. कुणी काही तोडलेलं नाही, फोडलेलं नाही. “म्हणजे लावलंच नव्हतं मी,” तो म्हणायचा. “विसरलो. चाळीस वर्षांत एकदाही नाही विसरलो, आणि विसरलो.” आणि खाली बसून रडायचा. हातांनी तोंड न झाकता, लहान मुलासारखा. मग ती घरात येऊन फोनचं बटण दाबून धरायची आणि मुक्या फोनमध्ये पोलिसांशी बोलायची, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. तिला वाटायचं, एवढं केलं की झालं. त्याला वाटलं असणार, ही बाई नीट सांगत नाही, चेसिस नंबर तर हिला ठाऊकच नाही.

गाडी घेतली चौऱ्यांशी साली, पोलादाच्या कारखान्यात तो भट्टीवर होता तेव्हा. लाल टाकीची. त्या साली हॅमिल्टनमध्ये, विशेषतः कारखान्याभोवतीच्या गल्ल्यांत, एका उन्हाळ्यात एवढ्या मोटरसायकली गेल्या की माणसं चहाकॉफीला दुसरं बोलत नसत. लॉर्नने मग डोळ्यांत तेल घालून गाडी राखायचं ठरवलं, आणि लॉर्नने एकदा ठरवलं की संपलं. साखळी मनगटाएवढी जाड, आणि ती मागच्याच चाकातून न्यायची. पुढचं चाक चोर सोडवून ठेवतो आणि बाकीची गाडी घेऊन जातो. साखळी जमिनीला टेकू द्यायची नाही, टेकली की वरून घण घालता येतो. पुढच्या चाकाला डिस्क लॉक, ब्रेकच्या तबकडीत अडकवायचं कुलूप. वरून फाटकं, डागाळलेलं कॅनव्हास, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं आत भंगार आहे. आणि गॅरेजच्या जमिनीत काँक्रीट ओतून बसवलेलं लोखंडी कडं. काँक्रीट ओलं होतं तेव्हा डोरीन लिंबाचं सरबत घेऊन आली आणि बोलता बोलता त्यावरून चालत गेली. एका चपलेचा ठसा कड्याशेजारी अजून तसाच आहे. तेव्हा केवढा चिडला होता तो! आणि केवढा हसला होता मग. आताशा तो वाकून त्याच ठशाकडे बोट दाखवायचा. “हे बघ. बाईची चप्पल आहे. चोर बाई आहे, डोरीन.” पहिल्यांदा तिला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा नाही आलं.

ओटा पुसायला हवा होता. ती तिथेच उभी राहिली आणि तिला तळ्याकाठचं ते कॉफीचं दुकान आठवलं, गेल्या ऑगस्टमधला रविवार. डिस्क लॉकला टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची एक पिवळी दोरी असते, ती हँडलला अडकवायची, म्हणजे निघताना ती दिसते आणि खाली कुलूप आहे हे ध्यानात येतं. न काढता निघालात तर हातभर पुढे जाऊन गाडी आडवी, तुम्हीही आडवे. प्रत्येकाचं एकदा होतंच. त्यांच्या मोटरसायकलवाल्या मित्रांच्या टोळक्याची रीत अशी की ज्याचं होईल त्याने दिवसभर ती पिवळी दोरी गळ्यात घालून हिंडायचं. लॉर्नच्या गळ्यात ती कधी पडली नव्हती, आणि त्याचा तोरा तो मिरवायचा. त्या रविवारी तो आडवा झाला. पोरांच्या वरताण दंगा केला म्हाताऱ्यांनी. झिगीने, म्हणजे त्याच झिगमुंटने, वाकून त्याच्या गळ्यात दोरी घातली. “अखेर आलास जातीत,” झिगी म्हणाला. लॉर्नही हसला, गुडघा झाडला, गाडीवर बसला, किल्ली फिरवली आणि पुन्हा आडवा झाला. कुलूप तिथेच होतं. दोरी त्याच्या गळ्यात होती. या वेळी कुणी हसलं नाही. झिगीने गाडी उचलली आणि गाडीवरून डोरीनकडे बघितलं, आणि काय झालं आहे ते दोघांनाही कळलं. लॉर्न तेवढा विचारत होता, “काय रे? गप्प का सगळे?”

मग डॉक्टर, मग लायसन्स रद्द झाल्याचं पत्र. ते पत्र तो रोज वाचायचा आणि रोज त्याला ते नवीन वाटायचं. एकदा हायवेच्या चुकीच्या तोंडाने आत शिरला. समोरून ट्रक येत होते, तो मात्र शांत होता म्हणे. त्या दिवशी डोरीनने झिगीला फोन केला. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी लॉर्न केस कापायला गेला आणि तिने किल्ल्यांचा डबा उघडला. कुठली किल्ली कशाची हे तिला चाळीस वर्षं कानांनी ठाऊक होतं, हातांनी ते पहिल्यांदाच कळलं. आधी साखळी, मग डिस्क लॉक, मग हँडल. झिगी गाडी डोंगरावरच्या आपल्या गॅरेजात घेऊन गेला. आणि मग तिने काय करावं? साखळी खिळ्याला टांगली. कुलूप पुसून खणात ठेवलं. पिवळी दोरी गुंडाळून त्याच्यावर ठेवली. आयुष्यभर जिने कुठली वस्तू जागच्या जागी ठेवल्याशिवाय दिवा मालवला नाही, ती चोरी करतानासुद्धा आवरूनच गेली. चोरीचं खोटंही तिने रचलेलं नव्हतं. “चोरली!” असं तोच ओरडला. ती फक्त मान हलवून गप्प राहिली. तिला वाटलं, बरंच झालं, चोरावर चिडेल, निदान माझ्यावर नाही, डॉक्टरवर नाही, आपल्या डोक्यावर नाही. तो कुणावर चिडेल याचा तिने किती विचार केला होता! तो स्वतःवर चिडेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती बाहेर गेली. “लॉर्न, मी जरा गावात जाऊन येते.”

“गाडी गेली गं आपली,” तो म्हणाला. डोळे सुजलेले होते, आजचं रडणं उरकलेलं होतं.

“हो रे. येतेच मी.”

“पोलिसांना सांग, लॉक मी लावलं नव्हतं. खोटं नको सांगूस. चूक माझी आहे.”

जाताना तिने खिळ्यावरची साखळी घेतली आणि कुंपणाच्या फाटकाला घातली, बाहेरून. दुकानात जायचं झालं की ती हेच करायची, नाहीतर तो चालत सुटायचा. साखळी तिने दोनदा गुंडाळून वर ओढली, जमिनीला टेकू दिली नाही. आपण हे कुणाकडून शिकलो आणि कुणावर चालवतोय या विचाराने तिला रोज लाज वाटायची, आजही वाटली, आणि आजही तिने कुलूप ओढून बघितलं.

पोलीस ठाण्यात झिगी बाकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर. तिला बघून त्याने मान वळवली, ओळख नसल्यासारखी. फोनवरची बाई समोर आली, तिशीची, गालावर तीळ असलेली. “हाच तो. तुम्ही ओळखता का याला?” डोरीन म्हणाली, “हा आमचा मित्र आहे. याने चोरलेली नाही. मी दिली.” बाईचं हसू जागच्या जागी थांबलं. मग तुमच्या मिस्टरांनी खोटी तक्रार दिली का, असं तिने विचारलं. “नाही हो. तक्रार खरी आहे. त्याची गाडी चोरीलाच गेलीय.” आणि मग, उभ्या उभ्या, एका परक्या मुलीला डोरीनने सगळं सांगितलं. स्वतःच्या लेकीला सांगितलं नव्हतं ते. खिळा, खण, रोजची हाक, मुका फोन, सगळं. बोलताना तिचा आवाज हलला नाही, हात तेवढे पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिले. ती मुलगी ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, “रोज?” “रोज,” डोरीन म्हणाली.

मग ती मुलगी आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तक्रार देताना लॉर्नने सांगितलं होतं, की चोर नंबर घासून टाकेल, प्लेट बदलेल, पण डाव्या हँडलची रबरी मूठ काढा, आतल्या नळीत कागद आहे, त्यावरून माझी गाडी ओळखा. तो कागद पिशवीत होता, सिगारेटसारखा वळून वळून तपकिरी झालेला. “यात तुमचं नाव आहे,” मुलगी म्हणाली. डोरीनने चष्मा लावला. अक्षर लॉर्नचं, पण तरुण लॉर्नचं, उभं आणि ठसठशीत. जून १९८४. *ही गाडी लॉर्न पेटिग्रूची. मी नाहीतर डोरीन सोडून कुणाच्याही हातात दिसली, तर चोरीची समजा. डोरीन चालवत असेल, तर तिला अडवू नका. जाऊ द्या.* डोरीनने गाडी कधी चालवली नव्हती. त्या जूनमध्ये कारखान्याच्या रिकाम्या आवारात त्याने तिला शिकवायचा घाट घातला होता, दहा हात जाऊन तिने गाडी पाडली, टाकीला पोचा आणला, आणि पुन्हा हात लावणार नाही म्हणाली. कागद त्याने त्यानंतर लिहिला होता की आधी? तारखेवरून कळत नव्हतं. ती ठरवू बघत होती आणि ठरत नव्हतं, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं, त्या पोलीस ठाण्यात, भर सकाळी, पर्स छातीशी धरून.

त्या मुलीने झिगीला आणि गाडीला सोडलं. बाहेर आल्यावर डोरीन झिगीवर उखडली. “तोंड शिवलं होतं का तुझं? सांगायचं नाही का त्यांना, की हिने दिली म्हणून?”

“तुला शब्द दिला होता ना. कुणाला सांगणार नाही म्हणून.”

“आणि रस्त्यावर कशाला काढलीस? ते तरी सांग.”

झिगी टोपीच्या कडा फिरवत राहिला. “हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ परवाच्या पावसाने धुतलं गेलं. दर वर्षी पहिल्या दिवशी तो आणि मी तळ्यापर्यंत जातो ना. म्हटलं, तो नाही तर निदान त्याची गाडी तरी जाऊ दे. उभी राहिली की मरते गं गाडी.” डोरीनने त्याच्या दंडाला हात लावला. मग कागद त्याच्या हातात दिला. “जिथे होता तिथे ठेव.”

परतताना तिचा निश्चय झाला होता, आता खरं सांगायचं. तो रागावेल, रागावू दे. हात उगारेल, उगारू दे, जन्मात कधी उगारला नाही तो. फाटकाची साखळी तिने सोडली आणि ती हातात घेऊनच गॅरेजात गेली. लॉर्न स्टुलावर होता. त्याने साखळीकडे बघितलं. “ही अख्खीच आहे,” तो म्हणाला. “म्हणजे मी...”

“तू लावली होतीस,” डोरीन म्हणाली. “साखळी लावली होतीस, डिस्क लॉक लावलं होतंस, हँडलही लॉक केलं होतंस. तू काही विसरला नव्हतास, लॉर्न. मी काढलं सगळं. डब्यातल्या किल्ल्या घेऊन. गाडी मी चोरली.”

तो बघत राहिला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला ती तयारच नव्हती. राग नव्हता तो. “लावली होती मी?” तो उठून उभा राहिला. “नक्की? तिन्ही?” “तिन्ही.” “विसरलो नव्हतो?” “नव्हतास रे.” त्याने एकदम टाळी वाजवली, हसला, गॅरेजात दोन फेऱ्या मारल्या, हेल्मेट हवेत उडवून झेललं. “म्हटलं ना! म्हटलं, मी कसा विसरेन!” किती महिन्यांनी तो असा हसत होता. डोरीनही हसली, डोळे पुसत. मग तो थांबला आणि त्याने विचारलं, “का काढलीस?” तिने सांगितलं, कॉफीचं दुकान, हायवे, ट्रक. “माझ्या हातून कुणाला लागलं का?” “नाही. कुणाला नाही.” त्याने जमिनीतल्या कड्याकडे बघितलं. “मग बरं केलंस,” तो म्हणाला. आणि जरा वेळाने, अगदी हळू, “साखळी तोडायची होतीस पण. तोडून टाकायची. माणसाला कळतं मग, की आपण लावली होती.”

दुपारी त्याने सूप प्यायलं, दोनदा मागून घेतलं, आणि खुर्चीतच डुलकी काढली. डोरीनला वाटलं, सुटले मी. तीनच्या सुमाराला मागून हाक आली. “डोरीन! अगं डोरीन, इकडे ये!” ती गेली. साखळी खिळ्याला टांगलेली होती, तिनेच, सवयीने, परत टांगलेली. “लावलीच नव्हती मी,” लॉर्न म्हणाला, आणि खाली बसला. डोरीनने पुन्हा सांगायला तोंड उघडलं. उद्या पुन्हा सांगावं लागेल, परवा पुन्हा. एखाद्या दिवशी तो “बरं केलंस” म्हणणार नाही. एखाद्या दिवशी हे सांगणारी बाई कोण, तेच त्याला कळणार नाही. आणि सांगायच्या आधी, हाक मारण्यापूर्वी, रोज पाच-दहा मिनिटं तो इथे एकटा उभा राहून त्या अख्ख्या साखळीकडे बघणारच. ती पाच-दहा मिनिटं ती कशी पुसणार? तिने त्याला उठवलं, पाणी दिलं, टीव्हीपुढे बसवलं, आणि तळघरातून करवत आणली.

अर्धा तास घासून साखळीवर नखाएवढी रेघसुद्धा उमटली नाही. तिच्या तळव्याला फोड आला. कशाला एवढी भारी आणलीस रे, ती पुटपुटली, आणि झिगीला फोन केला. तो लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आला, काही विचारलं नाही त्याने. साखळी कड्यावर ठेवून त्याने चाक टेकवलं. ठिणग्या उडाल्या, गॅरेजभर जळकट वास सुटला, तरी एक कडी कापायला दोन चकत्या खर्ची पडल्या. “अस्सल माल,” झिगी कपाळ पुसत म्हणाला. “लॉर्नने बघितलं असतं तर खूश झाला असता.” मग त्याने डिस्क लॉकही उभं कापलं. डोरीनने झाडू घेतला होता, लोखंडाचा चुरा भरायला. झिगी म्हणाला, “राहू दे.” तिने झाडू परत ठेवला. तुकडे जिथे पडले होते तिथेच तिने राहू दिले, कड्याशी, चपलेच्या ठशाशेजारी, साखळीचं एक टोक इकडे आणि एक तिकडे. आवरायला हात शिवशिवत होते, पण तिने आवरलं नाही.

सकाळी लॉर्नने कॉफी प्यायली, किल्ल्यांचा डबा घेतला आणि मागे गेला. डोरीन ओट्याशी उभी राहिली, हातात काही न घेता. हाक यायला उशीर लागला. आली ती वेगळी आली. “डोरीन! तोडली! अगं, साखळी तोडली हरामखोरांनी!” ती धावत गेली. तो गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हातांत साखळीची दोन टोकं, चेहरा संतापाने लाल, आणि डोळे कोरडे. “बघ, लावली होती मी! मागच्या चाकातूनच नेली होती! हे बघ, लॉकसुद्धा कापलंय. किती वेळ लागला असेल भडव्यांना, माहितीये?” माहीत होतं तिला. तिचा तळवा अजून चुरचुरत होता. “गेली गं आपली गाडी,” तो म्हणाला, आणि वर बघितलं तर डोरीन रडत होती. दाराच्या चौकटीला धरून, हुंदके देऊन. लॉर्न साखळी खाली ठेवून उठला. काळे झालेले हात त्याने जाकिटाला पुसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “उगी. रडू नकोस, वेडे,” तो म्हणाला. “आपण लावली होती ना? मग आपली काही चूक नाही.”